फुस्सआक्का आणि कोठीचं दार

आक्का घरात शिरायची तेव्हा आधी रॉकेलसारखा वास यायचा, मग 'फुस्स' असा आवाज यायचा, आणि मग आक्का दिसायची. दुसऱ्या बायकांच्या कमरेला किल्ल्या असतात, पानाची चंची असते. आक्काच्या कमरेला पत्र्याचा डबा असायचा. मुठीत मावेल असा लांबट डबा, वर दाबायचं बटण आणि त्याला रबरानं बांधलेली बारीक लाल नळी. बटण दाबलं की नळीतून पातळ तेल उडायचं. गंजलेले नटबोल्ट सैल करायला गॅरेजवाले वापरतात ते तेल. आक्का त्याला फुस्स म्हणायची, आणि राणीसावरगावच्या बाजारापासून आमच्या गल्लीपर्यंत सगळे तिला फुस्सआक्का म्हणायचे.

ती माझी थोरली नणंद. आमच्या मालकांची सख्खी मोठी बहीण. तिचा नवरा येलदरीला धरणावर मेकॅनिकच्या हाताखाली होता, तिचा जन्म तिथल्या क्वार्टरात गेला. मूलबाळ झालं नाही. नवरा वारल्यावर ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर एक पेटी, एक गोधडी आणि हा डबा होता. मी मनात म्हटलं, आता हिचं मरेपर्यंत करायचं. तोंडानं म्हटलं, "या आक्का, घर तुमचंच हाय." दोन्ही खरं होतं.

"माझं कशाचं बाई," ती म्हणाली. "पण दार लय कुरकुरायलंय गं गोदे तुझं."

आणि पाणी प्यायच्या आधी तिनं आमच्या पुढच्या दाराच्या बिजागऱ्यांवर फुस्स मारलं. मग ओसरीवर बसून पान लावलं, सावकाश खाल्लं, आणि मला म्हणाली, "आता ढकल." ढकललं. दार लोण्यातून गेल्यासारखं गेलं.

ही तिची रीत. कुठलीही वस्तू अडली की माणसं जोर लावतात, शिव्या देतात, बत्ता घेऊन ठोकतात. आक्का जोर लावत नसे. "फुस्स मार, पान खा, मग हात लाव," असं तिचं म्हणणं. अडलेली वस्तू सुटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच पान खायला लागतो, असं ती सांगायची. मला वाटतं, तिला पान खायला निमित्त लागायचं.

आमच्या घरात एकात एक अडकून बसलेले दोन स्टीलचे गिलास होते. सुनेनं, सुनीतानं, घाईत घासून एकात एक घातले आणि ते बसले ते बसलेच. गरम पाणी झालं, बर्फ झाला, माझ्या मुलानं पायात धरून ओढून बघितले. आक्कानं कडेनं फुस्स मारलं, पान खाल्लं, जरासं फिरवलं. टक्. सुनीतानं तिच्याकडे असं बघितलं की माझ्याकडे आजवर तसं बघितलेलं नाही. त्या दिवसापासून सकाळचा पहिला चहा आक्काला जायला लागला.

मग तिचा व्यापच वाढला. लग्नात आलेल्या भांड्यांवर कंपनीचं स्टिकर असतं. ते नखानं काढलं की अर्धं निघतं, अर्ध्याचा चिकटा राहतो, आणि त्यावर वर्षभर धूळ बसते. आक्का फुस्स मारून फडक्यानं पुसायची, ताट आरशासारखं. माझ्या नातीनं, पिंकीनं, झोपेत च्युइंगम केसात घोळवलं तेव्हा सुनीता कात्री घेऊनच आली होती. आक्कानं फुस्स मारून बोटांनी तेवढंच काढलं. दप्तराची चेन, छत्रीची तार, गंजलेला विळा, पंख्याची कटकट, डांबरी रस्त्यावरून आलेल्या पोरांचे काळे तळवे, सगळ्याला एकच औषध. गल्लीतल्या बायका बोटात रुतलेल्या अंगठ्या आणि मनगटात रुतलेले गोट घेऊन यायच्या. कुणी विचारलं, "आक्का, आंग तर जाड झालंय, आता निघंल का?" तर ती म्हणायची, "तू बारीक व्हायची वाट बघितली तर माझी लाकडं जातील मसणात. आण हात."

मालकांची सायकल तिनं पहिल्याच आठवड्यात गप्प केली. त्या सायकलीचा आवाज वळणावरून यायचा आणि तो ऐकून मी तवा ठेवायची. सायकल गप्प झाल्यावर मालक एकदम दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "भाकर कुठाय?" मी आक्काला म्हटलं, "तुमी माझं घड्याळ बंद पाडलं." ती हसली. तेव्हा मीही हसले. पुढं त्या गप्प सायकलीनं काय केलं ते सांगते.

तिचं सगळंच साधलं असं नाही. एकदा देवापुढं निरांजन तेवत असताना तिनं देव्हाऱ्याच्या कडीवर फुस्स मारलं. भप्पकन जाळ झाला आणि आक्काची डावी भुवई गेली. भुवई येईपर्यंत ती काजळानं काढायची, आणि रोज वेगळ्या जागी. काही दिवस ती रागावलेली दिसायची, काही दिवस चकित झालेली. पिंकीला फार मजा वाटायची. दुसऱ्यांदा तिनं स्वतःच्या गुडघ्यांवर मारलं.

"आक्का, ती काय बिजागरी हाय?" मी म्हटलं.

"मग काय हाय? वाकतंय, सरळ होतंय, कुरकुरतंय. बिजागरीच की."

गुडघे काही सुटले नाहीत. वर पुरळ उठलं. ती खाजवत बसायची आणि कुणी विचारलं की डास सांगायची.

आणि सखूची शेळी. आमच्या शेजारची सखू धनगराची, तिच्याकडे शेळ्या-मेंढ्या आहेत. तिच्या एका करडानं तांब्यात तोंड घातलं आणि तांब्या डोक्यात बसला. करडू तांब्यासकट अंगणभर धडका देत फिरायलं, आतून तांब्यातला बें बें असा आवाज. आक्का गेली, मानेभोवती फुस्स मारलं. करडाला धरून ठेवलं सखूनं, पान खाल्लं आक्कानं. तांब्या निघाला. सगळ्यांनी वा वा केलं. पण करडू आईकडे गेलं तर आईनं त्याला शिंगानं उडवलं. परत गेलं, परत उडवलं. शेळी पिलाला वासानं ओळखते, आणि या पिलाला तर गॅरेजचा वास.

सखू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आक्का, तांब्या काढला तुमी, पर आय काढून घेतली की लेकराची!"

मग आक्का आणि सखूनं मिळून करडाला बेसन लावून धुतलं, शेळीचं दूध काढून त्याच्या पाठीला आणि शेपटाखाली चोळलं, तेव्हा कुठं शेळीनं हुंगून हुंगून त्याला पदरात घेतलं. आक्का घरी आली ती घुश्शात. म्हणाली, "शेळीला अक्कल न्हाई." मी म्हटलं, "शेळीलाच हाय."

आता कोठीच्या दाराचं सांगते.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला कोठीची खोली आहे. धान्याच्या कणग्या, डाळी, आणि फळीवर गुळाची भेली. खोलीचं दार जुनं, बाभळीचं, जड. ते कुरकुरत नसे, ते बोंबलायचं. म्हशीच्या पायात काटा घुसल्यासारखं. ओसरीवर कळायचं, गल्लीत कळायचं.

मालकांना गुळाचा नाद. लहानपणापासून. जेवण झालं की गुळाचा खडा, चहा गुळाचा, भाकरीवर गूळ. मग त्यांच्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल चावली आणि ते बरंच होईना. अंगठा काळा पडायला लागला. गंगाखेडच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "शुगर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. आणि अंगठ्यावर थांबेल असं मी सांगत नाही." मालक बाकड्यावर बसून पायाकडे बघत होते. माझा माणूस जन्मभर अनवाणी रानातून फिरलेला. त्या पायाला आता कुणी सुरी लावणार. पण मी रडले नाही. रडण्यानं शुगर उतरत नाही.

घरी येऊन मी हुकूम काढला. मालकांचा चहा बिनसाखरेचा. गूळ कोठीत राहील आणि मला विचारल्याशिवाय कुणी त्याला हात लावणार नाही. कुलूप लावलं नाही, कारण किल्ली कुठं आहे ते सुनेला सांगावं लागतं, सुनेला कळलं की नातीला कळतं, आणि नात आजोबांच्या बाजूची. मला कुलूप लागतही नव्हतं. दार होतं ना. उघडलं की बोंबलणार, बोंबललं की मी हजर.

आक्काला मी बजावून सांगितलं, "घरातल्या सगळ्या दारांना फुस्स मारा, ह्या दाराला न्हाई."

"लय वंगाळ आवाज हाय गं. ऐकवत न्हाई. कुणीतरी रडायलंय वाटतंय."

"रडू द्या. त्याच्या रडण्यावर तुमच्या भावाचा अंगठा हाय."

तिनं डबा परत कमरेला खोचला.

महिनाभर बरं चाललं. एके सकाळी मी डाळ काढायला गेले, दार ढकललं आणि थबकले. आवाजच नाही. परत ओढलं, परत ढकललं. गुमान. आत जाऊन भेली बघितली तर कडेनं उकरलेली, जशी घूस उकरते तशी.

मी तशीच ओसरीवर गेले. मालक पाय लांब करून बसले होते, अंगठ्याला पट्टी.

"गूळ खाल्ला?"

"म्या न्हाई."

"मग उंदरानं खाल्ला? आन उंदीर येताना बिजागरीला तेल घालून येतोय व्हय?"

"म्हनलं ना, न्हाई खाल्ला." आणि तोंड फिरवून बसले. त्या तोंड फिरवण्यावरून मी धरून चालले की खाल्ला. पुढच्या वेळी रक्त तपासलं तर शुगर उतरलेली नव्हती. डॉक्टर मलाच ओरडला. म्हणाला, बाई, घरात लक्ष कुणाचं असतं?

मला आक्काचाच राग आला. थोरल्या बहिणीचं काळीज, भावाचं सुकलेलं तोंड बघवेना, म्हणून दार गप्प केलं असणार. लाडानं मारणार भावाला. ती ताटावरचं स्टिकर पुसत बसली होती. मी तिच्यापुढं उभी राहिले.

"आक्का, पाय गेला तर परसाकडं तुमी उचलून नेणार का त्यास्नी?"

तिनं मान खाली घातली आणि पुसत राहिली. ताट केव्हाच स्वच्छ झालेलं होतं. मग आम्ही दोघी एका चुलीवर होतो पण बोलत नव्हतो. मी सुनीताला सांगायची, "त्यांना म्हणावं जेवा," आणि ती मागं बसून म्हणायची, "तिला म्हणावं भूक न्हाई." सुनीता बिचारी आमच्या दोघींच्या मधे मान फिरवून फिरवून दमली.

गूळ मात्र उकरला जातच होता. एका दुपारी मी भेली हातात घेतली आणि मला सखूची शेळी आठवली. मी उकरलेली जागा नाकाशी धरली. फुस्सचा वास. बारीक, पण होता. म्हणजे ज्या बोटांनी गूळ तोडला त्या बोटांना फुस्स लागलेलं.

मालक ओसरीवर झोपले होते. मी त्यांचा हात उचलला आणि पाचही बोटं हुंगली. तंबाखू आणि चुना. दुसरा हात हुंगला. तंबाखू, चुना, आणि थोडी बिडी. त्यांनी डोळे उघडले.

"काय गं, ह्या वयात हे काय?"

"गप पडा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे कलंडले तेव्हा मी कोठीत जाऊन मोठ्या कणगीमागं बसले. पाय आखडून बसणं या वयात सोपं नाही, आणि मला कुणी फुस्स मारलेलं नव्हतं. जरा वेळानं दार उघडलं. आवाज नाही काही नाही. वास आधी आला, मग आक्का. तिनं फळीवरची भेली ओढली, खडा तोडला. मला वाटलं आता पदरात बांधील आणि भावाला नेऊन देईल. तिनं तो सरळ तोंडात टाकला. भिंतीला टेकून डोळे मिटले. दात एकही नव्हता, पानसुद्धा कुटून खायची. गाल आतबाहेर व्हायले होते.

मी उठून उभी राहिले. "गोड हाय का?"

आक्कानं डोळे उघडले. तोंडात एवढा खडा, बोलता येईना, गिळताही येईना. माझ्याकडे बघत उभी. एका भुवईची. मग हळूच गालाच्या एका बाजूला खडा सारून म्हणाली, "हाय."

मला हसू फुटलं ते आवरेना. तीही हसायला लागली आणि खडा तोंडातून पडता पडता राहिला. आम्ही तिथंच कणगीला टेकून खाली बसलो.

"मागायचा ना आक्का. तुमाला कोण न्हाई म्हनलं असतं?"

"मागून गूळ खाऊ व्हय? आगं, लहानपणी आय आमाला दोघांना सारका खडा द्यायची. ह्यो आपला गिळायचा आन माझ्याकडं बघत रडायचा. मग माझा बी त्यालाच. सगळं लहानपण असं गेलं. आता त्याचा बंद झाला, तर त्याच्या वाट्याचा म्या खायले. फिटंफाट."

"आन दातं न्हाईत तुमाला."

"म्हनून तर! दात गेले की कळंल तुला गूळ काय असतो त्ये. दात असले की माणूस चावून टाकतंय. मग नुस्ता इरघळू द्यायचा."

तिनं पुढं केला तो खडा मी घेतला नाही. माझे दात तेव्हा होते आणि कामं पडलेली होती. पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न अडकला होता.

"मग त्यांची शुगर कशानं चढायली?"

आक्काचे गाल थांबले. आम्ही दोघी एकदम उठलो आणि ओसरीवर गेलो. मालकांची उशी होती, मालक नव्हते. अंगणात बघितलं, सायकल नव्हती. कधी गेले, कुणालाच कळलं नव्हतं. कारण सायकल वाजत नव्हती. आक्कानं कपाळाला हात लावला.

"आगं बया. त्याला फुस्स म्याच मारलंय."

डोक्यावर पदर घेऊन आम्ही दोघी भर उन्हात स्टँडवर गेलो, गावात मिठाई तिथंच मिळते. हाटेलाच्या मागच्या बाकावर मालक बसले होते. पुढ्यात बशीत ओतलेला चहा, आणि एक बालूशाही अर्धी खाल्लेली. आम्हाला बघून ते उभे राहिले.

"देवळात निघालो होतो."

"देऊळ बशीत हाय का?" मी म्हटलं.

आक्का सायकलीकडे गेली, हँडल धरलं, आणि आम्ही तिघं घरी आलो. पुढं सायकल, मागं मालक, त्यांच्या मागं मी. गावानं सगळं बघितलं. वाटेत आक्का एकदाच थांबली आणि भावाच्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्या पायावर चालायला म्या शिकवलंय तुला. माझ्या डोळ्यादेखत कापायला लावू नको." आवाज चढवला नव्हता. मालकांनी खाली बघितलं. चहाची बशी बघून मी जे बोलले त्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं.

पण लागलेलं किती दिवस टिकतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. गुळाची ओढ असलेला माणूस शपथेवर थांबत नाही. संध्याकाळी आक्कानं सायकल अंगणात आडवी पाडली आणि साखळीवर, पायडलवर, सीटखालच्या स्प्रिंगांवर फुस्स मारायला लागली. मी म्हटलं, "आणखी गप्प करायलाव?"

"बघत ऱ्हा. जराक मारलं की गप्प बसतंय. लय मारलं की आतलं सगळं ग्रीस धुऊन जातंय. येलदरीला आमचे मालक म्हनायचे, ह्ये तेल न्हाई, पावणा हाय. येतंय आन जातंय." तिनं डबा अर्धा रिकामा केला. काळं ग्रीस ओघळून जमिनीवर आलं. मग कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसलं, वरून सोड्याचं पाणी मारलं, वाळायला उघड्यावर उभी केली. पान खाल्लं.

चार दिवसांत आमच्या रस्त्याच्या धुळीनं उरलेलं काम केलं. मालक सायकलवर बसले आणि तिनं जी किंकाळी फोडली ती ऐकून सखूच्या मेंढ्या कुंपणाला जाऊन भिडल्या. पहिला आवाज काहीच नव्हता असं वाटावं. गल्लीतली पोरं ओरडायची, "आबा निगाले!" वळणावरची किराणावाली दुकानातून बघायची. स्टँडवरचा हाटेलवाला आवाज ऐकला की बालूशाहीचं ताट आत न्यायचा, आक्कानं त्याला तसं बजावलेलं होतं. मालक देवळाच्या पलीकडं जाऊ शकेनात.

ते आक्काच्या मागं लागले. "आक्का, मार की जरा फुस्स."

"संपलंय बाबा."

"कमरेला काय हाय मग?"

"रिकामा डबा हाय. सवय झालीय. त्याच्याबिगर कंबर उगडी उगडी वाटती."

"गंगाखेडहून आणतो."

"आन की. सायकलवरच जा."

शुगर उतरली. एकदम नाही, हळूहळू. अंगठ्याचं नख गेलं, वरची काळी कातडी सोलून निघाली, खाली लाल कातडी आली. अंगठा आहे. वाकडा दिसतो, पण आहे. डॉक्टर मला म्हणाला, "बाई, चांगलं लक्ष ठेवलंत." मी म्हटलं, लक्ष कसलं ठेवायचं, कान ठेवले. त्याला कळलं नाही.

कोठीचं दार गप्पच राहिलं. आक्का दुपारी आत जायची आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करायची. ती बाहेर आली की मी कूस बदलायची. एवढं आमचं ठरलेलं, न बोलता.

गेल्या थंडीत आक्का गेली. छातीत कफ झाला, दवाखाना केला, वय झालेलं. शेवटी शेवटी जेवण जाईना तेव्हा मी गुळाचा खडा आणून सगळ्यांसमोर तिच्या तोंडात घातला. तिनं जरा चघळला आणि मला जवळ बोलावलं. म्हणाली, "उगड खाल्ल्यावर गोड लागत न्हाई गं." तिचं शहाणपणाचं शेवटचं वाक्य म्हणून सांगण्यासारखं हेच आहे.

तिच्या मनगटात चांदीचं कडं होतं. लग्नातलं, पुढं हाडात रुतल्यासारखं झालेलं. ताटीवर ठेवायच्या आधी बायका ते ओढायला लागल्या. कुणी साबण म्हणालं, कुणी म्हणालं कापा. मी सगळ्यांना बाजूला केलं. सुनीता आक्काचाच डबा घेऊन आली. फुस्स मारलं. मग सगळे थांबले. पान कोण खाणार, असं एकमेकींकडे बघायला लागल्या. सखूनं आपली चंची उघडली आणि रडत रडत पान लावून खाल्लं. मग मी हात लावला. कडं आलं.

दिवस झाल्यावर तिची पेटी उघडली. दोन लुगडी, नवऱ्याचा फोटो, आणि एक कोरा फुस्सचा डबा, नळीवरचं रबरसुद्धा न काढलेला. मालकांनी डबा उचलून कानाशी हलवला, भरलेला होता.

"मला संपलंय म्हनली होती."

"तुमच्या सायकलीसाठी संपलेलं होतं," मी म्हटलं. "आन तुमाला सांगते, तो गूळ तुमी खाल्ला न्हवता. आक्का खायची."

"ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"दुपारी कोठीत जायची. म्या झोपायचो न्हवतो, पडून ऱ्हायचो."

"आन मी तुमाला बोल बोल बोलले तवा गप का बसलात?"

ते डबा फिरवत राहिले. "सांगितलं असतं तर तिचा गूळ बंद झाला असता." मग मिशीतल्या मिशीत हसले. "आन तू गुळावर ध्यान ठिवलंस तवर स्टँड मोकळं होतं."

या भावंडांशी माझा संसार झाला. आणखी काय सांगू?

सायकल अजून बोंबलते. मालकांनी तिला तेल घालायचं नाव परत काढलेलं नाही. नवा डबा मी माझ्याकडे ठेवला. सुनीता गिलास अडकले की मागते, सखू कातर गंजली की मागते. मी देते, पण मोजून मारते. आक्कासारखा हात सैल नाही माझा.

या उन्हाळ्यात माझे उरलेले दात काढले. घरात माझा हुकूम अजून तोच आहे, विचारल्याशिवाय गुळाला हात लावायचा नाही. त्यामुळं मलाच पंचाईत. मी कुणाला विचारणार? आणि पावसाची हवा सुटल्यापासून कोठीचं दार पुन्हा रडायला लागलेलं. आक्काचा नवरा म्हणायचा तसं, पाहुणा येतो आणि जातो.

परवा दुपारी मी तिन्ही बिजागऱ्यांवर फुस्स मारलं. पान मी खात नाही, तेवढा वेळ नुसती उभी राहिले. मग ढकललं. आत गेले, खडा तोडला, तोंडात टाकला आणि भिंतीला टेकले. चावायला काही नव्हतंच.

वास ओसरीपर्यंत गेला असणार. बाहेरून मालकांची हाक आली, "गोदे, कोठीत कोन हाय गं?"

तोंडात एवढा खडा. बोलता येईना.

"शेळी हाय का?" त्यांनी विचारलं. मग ओसरीवर त्यांनी कूस बदलल्याचं ऐकू आलं, भिंतीकडे.